हळदीच्या दिवसांत हात देणं

हळद शिजायला लागली की तिचा वास आमच्या आयसीयूत नातेवाइकांच्या कपड्यांवरून येतो. दाराबाहेरच्या बाकड्यावर एखादा मामा येऊन बसतो. त्याच्या टोपीच्या कडेला, शर्टाच्या शिवणीत, नखांत ती पिवळी भुकटी असते. दार उघडलं की स्पिरिट, फिनेल आणि तापलेल्या प्लास्टिकच्या वासातून वाट काढत तो ओला, मातकट, कडवट वास आत घुसतो. काल दुपारी तो वास आला. मास्क लावलेला असूनही आला. मी एका आजोबांची सलाईन बदलत होते. हात क्षणभर तिथंच थांबला.

म्हणजे लागले असतील कुकर. हट्ट्याकडं, वसमतकडं, इकडं नरसीच्या रस्त्यालाही. शेताच्या कडेला लोखंडी टाक्या मांडल्या असतील, त्यांतून वाफ फुसफुसत असेल, आणि शिजलेल्या हळकुंडांचे ढीग खळ्यावर, गच्चीवर, डांबरी रस्त्याच्या कडेला, जागा मिळेल तिथं पसरले असतील. मग ती वाळेल, पॉलिशच्या ड्रममध्ये दिवसभर खडखडेल, आणि ड्रमच्या आसपासची बाभूळ, शेळ्या, माणसं सगळी एका रंगाची होतील. पळस झडत आलाय. पंखा गरम हवा फेकतोय. आमच्या गावी या दिवसांत वाळत घातलेल्या धुण्यालाही हळद चढायची. शाळेचा पांढरा शर्ट फाल्गुन संपेपर्यंत पुन्हा पांढरा व्हायचा नाही.

आणि याच दिवसांत आमच्या ऑर्डरी संपतात. आम्ही कंत्राटी. अकरा महिन्यांच्या. अकरा महिने भरले की एक दिवसाचा खंड, आणि मग नवा कागद आला तर आला. शेतात हळद निघते तेव्हा आम्ही निघतो की राहतो, ते ठरतं.

हंगाम दरवर्षी येतो, पण माझ्या मनात तो एकाच वर्षाचा होऊन बसलाय. दुसऱ्या कुठल्या वर्षाची हळद मला आठवतच नाही.

*

मी वाचायला शिकले ते पत्रकांवर. माझे वडील शेतमजुरांच्या एका छोट्या संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. गुलाबी, पोपटी, पिवळा, असला स्वस्त कागद. हात लावला की बोटांना शाई लागायची. माझ्या वह्यांना कव्हरं त्याचीच होती. गणिताच्या वहीवर ‘आमच्या मागण्या’, भूगोलाच्या वहीवर ‘जाहीर निषेध’. सहावीत असताना बाईंनी निबंध तपासून विचारलं होतं, “काय गं, पावसाळ्याच्या निबंधात शेवटी ‘संघर्षाशिवाय पर्याय नाही’ हे काहून लिहिलंस?” वर्ग हसला. मला कळेना, त्यात हसण्यासारखं काय आहे. निबंध मग संपवायचा कसा?

अण्णा, म्हणजे माझे वडील, मला मजकूर वाचून दाखवायला लावायचे. कुठं अडखळले की ती ओळ ते बदलायचे. एकदा मी एका ओळीत ‘कदाचित’ असा शब्द घातला. त्यांनी तो पेनानं खोडला आणि म्हणाले, “पत्रकात कदाचित नसतं लेकरा. कदाचितवर माणूस उठत न्हाई.”

हे वाक्य घेऊन मी मोठी झाले, नर्सिंग केलं आणि आयसीयूत आले. तिथं सगळंच कदाचित. मशीनवर असलेला माणूस उद्या डोळे उघडेल, कदाचित. रक्तदाब धरून राहील, कदाचित. बाहेरच्या बाकड्यावरचा मामा दर तासाला उठून दाराच्या काचेला नाक लावतो आणि विचारतो, “सिस्टर, होईल ना बरं?” त्याला काय सांगायचं? हो म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही, आणि नाही म्हणायला काळीज नाही. पहिले काही महिने मी घरी जाऊन नुसती भिंतीकडं बघत बसायचे. ठाम वाक्यांवर वाढलेल्या पोरीला इथं ठाम वाक्यच मिळत नव्हतं.

ते मिळालं राठोड ताईंमुळे.

*

ताई कळमनुरीकडच्या एका तांड्यावरच्या. आमच्यात सगळ्यांत जुन्या, आणि तरीही आमच्यासारख्याच कंत्राटी. बुटक्या, पायांत निळ्या चपला, खिशात कायम चिकटपट्टीचा रोल. साथीच्या वर्षी त्यांनी याच वॉर्डात काम केलं होतं, लोकांनी थाळ्या वाजवल्या त्या वर्षी. त्याबद्दल विचारलं की म्हणायच्या, “थाळी वाजवली चांगलं केलं. ताटात काई वाढलं न्हाई, ते सोड.”

ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला पेशंट समजावून देते. आम्ही त्याला ओव्हर देणं म्हणतो. सगळीकडं ती टेबलाजवळ उभं राहून, कागदावर बोट ठेवून देतात. ताईंची रीत वेगळी. त्या येणारीला बेडजवळ नेत. पेशंटचा हात स्वतःच्या हातात घेत आणि तो तिच्या हातात देत. मोठ्यानं नाव सांगत, गाव सांगत. मग औषधं, मग आकडे. येणारीनं तो हात धरूनच सगळं ऐकायचं. हात गार आहे की गरम, सुजलाय की नाही, बोटं दाबतात की नाही, हे कागदाआधी तिला कळायचं.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, “ताई, बेशुद्ध माणसाला नाव काहून सांगायचं?”

“त्याला न्हाई सांगत, तुला सांगून राहिले. आन् त्यानं ऐकलं तर काय बिघडलं? घरात नवं माणूस आलं तर आपण नाव न्हाई सांगत का?”

सात बेड, सात हात. वीस-पंचवीस मिनिटं लागायची. मला ते आधी भाबडं वाटलं. मग कळलं की माझं भिंतीकडं बघणं त्या पंचवीस मिनिटांनीच थांबवलं होतं. मी घरी जाताना माझ्या माणसांना दारात सोडून जात नव्हते. मी त्यांना कुणाच्या तरी हातात देऊन जात होते. उद्या काय होईल ते मला माहीत नव्हतं, पण आज दुपारी दोन वाजता कुणाचा हात कुणाच्या हातात होता, हे मी शपथेवर सांगू शकत होते. हे कदाचित नव्हतं.

*

त्या वर्षी, हळद शिजायला लागली त्याच आठवड्यात, कागद आला. ऑफिसच्या सहीचा. दाराजवळच्या फळ्यावर चिकटवला. ड्यूटी संपताच अंगठ्याच्या मशीनवर नोंद करावी. त्यानंतर कर्मचाऱ्यांनी अतिदक्षता विभागात थांबू नये. पेशंटची माहिती रजिस्टरमध्ये लिहून ठेवावी, बेडजवळ घोळका करू नये. खाली एक ओळ होती की पालन न करणाऱ्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा फेरविचार केला जाईल.

कायम असलेल्यांचा उल्लेख नव्हता. फेरविचार फक्त आमचा.

ताईंनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. दुपारी दोनला त्या मशीनपर्यंत गेल्या, अंगठा लावला, आणि परत आत आल्या. दारावरचा गार्ड सय्यदभाई गोंधळला. “ताई, आपकी तो ड्यूटी हो गई ना?”

“हो गई. आता मी भेटायला आले.”

“मिलने का टैम चार से पाँच.”

“मंग धरून काढ मला बाहेर.”

सय्यदभाई हसले आणि दार धरून उभे राहिले. त्या दिवशी ताईंनी मला सात हात दिले. सातवा हात कौसाबाईंचा होता, सकाळीच आलेल्या. हट्ट्याजवळच्या एका खेड्यातल्या, पंचेचाळिशीच्या. घरची हळद शिजवायला, मोडायला, वाळवायला दिवसभर उन्हात आणि वाफेत. ताप अंगावर काढला, न्यूमोनिया छातीत भरला, आणि आणलं तेव्हा श्वास घेता येत नव्हता. नळी घालून मशीनवर ठेवलं होतं, झोपेचं औषध चालू होतं. बेड खिडकीजवळचा. आमच्या खिडकीच्या काचेला आतून पांढरा रंग मारलेला आहे. तिथं कुणीतरी नखानं खरवडून तळव्याएवढी जागा मोकळी केली आहे. तेवढाच उजेड बाहेरचा.

“कौसाबाई,” ताई मोठ्यानं म्हणाल्या, “हट्ट्याकडच्या. ही पोरगी आता तुमच्याजवळ हाय.” आणि तो हात माझ्या हातात आला. खरखरीत, तळवा गर्द पिवळा, नखं तर केशरीच.

दुसऱ्या दिवसापासून ताई सुट्टीवर होत्या. भाचीचं लग्न. चार दिवस.

आणि त्या चार दिवसांत आम्ही कागद पाळला.

कुणी ठरवून पाळला नाही. पहिल्या दिवशी आमच्यातली दीपाली म्हणाली, “मला ही नोकरी लागते गं, माज्या घरी मी एकटीच हाय.” त्यात चूक काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, ताई आल्या की बघू. पत्रकांवर वाढलेली मी. ‘जाहीर निषेध’ लिहिलेल्या वहीत गणितं सोडवलेली मी. सकाळची ड्यूटी करून दोनला अंगठा लावत होते आणि रजिस्टरमध्ये लिहीत होते, ‘स्थिती जैसे थे’.

*

इथं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हळदीच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यातले निम्मे पेशंट पिवळे येतात. हात, पाय, कपाळ, कधी कानामागं. बाहेरून आलेला नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात घाबरतो आणि प्रत्येकाची काविळीची तपासणी लिहितो. आम्ही एकमेकींकडं बघतो. मग एखादी गंभीर चेहरा करून सांगते, “सर, ही कावीळ न्हाई, ही हळद हाय. मागच्या वर्षी तर म्हैस पण पिवळी आलती.” डॉक्टर लाजतात. हा आमचा दरवर्षीचा विनोद. त्यात एक ऐट आहे. तुम्ही शिकून आलात, पण हा रंग आम्हाला माहीत आहे.

कौसाबाईंचे हात मी रोज पुसत होते. तिसऱ्या दिवशी खोबरेल तेल लावून चोळले. बाहेर बसलेले त्यांचे मालक, मामाच म्हणायचो आम्ही त्यांना, भेटीच्या वेळी आत आले आणि म्हणाले, “हात लई पिवळे दिसून राहिले सिस्टर.” मी हसले. “मामा, तुमचे बघा की. तुमच्या घरचीच हळद हाय.” मामांनी आपले तळवे बघितले आणि तेही हसले. बरं वाटलं त्यांना. मलाही बरं वाटलं की चला, आज एका माणसाला हसवलं.

पाचव्या दिवशी दोन वाजता मी रजिस्टर लिहिलं, अंगठा लावला, पर्स खांद्याला अडकवली. जिन्यात ताई भेटल्या, हाताला मेंदी, लग्नाचा लाडू कागदात बांधून आणलेला.

“ओव्हर दे.”

“लिहिलंय ताई सगळं.”

“मी वाचायला न्हाई आले.”

मी परत आत गेले. सहा हात दिले. घाईत दिले, खरं सांगते. एस.टी. होती माझी. सातव्या बेडला मी कौसाबाईंचा हात त्यांच्या हातात ठेवला आणि म्हटलं, “कौसाबाई, हट्ट्याकडच्या. स्थिती जैसे थे.”

ताई हाताकडं वाकल्या. हात उलटा केला. बाही वर सारली.

“हे काय हाय?”

“हळद ताई,” मी म्हटलं. हसतच म्हटलं.

“किती दिवस झाले आणून?”

“पाच दिवस झाले.”

“रोज पुसते?”

“रोज. तेल लावून घासले सुद्धा.”

“मंग उतरली काहून न्हाई?” त्यांनी कौसाबाईंचा दंड माझ्यापुढं धरला, कोपराच्या वरचा, जिथं ऊनही पोचत नाही. “आन् इथवर चढली कशी? मी दिली तवा इथं काईच नव्हतं.”

मला आठवतं, मॉनिटर टकटकत होता आणि मी त्या दंडाकडं बघत होते. झोपेच्या औषधात डोळे कोरडे पडू नयेत म्हणून लावलेली पट्टी ताईंनी काढली. पापण्या सुजलेल्या होत्या, मलम साचलं होतं. रोज मीच ते पुसून नवीन मलम घालत होते. ताईंनी ते साफ केलं, बेडची उशाकडची बाजू थोडी वळवली, खिडकीच्या त्या खरवडलेल्या जागेतून येणारा उजेड चेहऱ्यावर घेतला आणि पापणी वर केली.

बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं नव्हतं.

मग त्यांनी वाकून लघवीची पिशवी बघितली. मी ती रोज मोजत होते. किती मिली ते लिहीत होते. रंग बघत नव्हते.

“हळद वरून लागते आन् उतरत जाते,” ताई हळूच म्हणाल्या. “हा पिवळा आतून येऊन राहिला पोरी. डॉक्टरला बोलाव.”

डॉक्टर आले, रक्त गेलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. लिव्हर सुजलं होतं. चालू औषधांपैकी एक त्यांना सोसत नव्हतं, ते बंद केलं, दुसरं लावलं. हे डॉक्टर त्या वर्षीचे नवे. पहिल्या आठवड्यात आम्ही ज्यांना हसलो होतो तेच. ते मला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “सिस्टर, अजून दोन-तीन दिवस गेले असते तर...” ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

माझी एस.टी. गेली होती. मी बाकड्यावर मामांशेजारी बसले. मामांना मी सांगितलं. सगळं. की तुम्ही विचारलं होतं आणि मी हसले होते. त्यांनी बराच वेळ टोपी हातात फिरवली.

“आता कळलं ना पण?”

“व्हय मामा.”

“मंग आता इथंच बसून काहून राहिली? आत जा की.”

त्या रात्री घरी मी वही काढली आणि पत्रक लिहायला बसले. अण्णांसारखं. ‘रुग्णांच्या जिवाशी खेळ’, ‘अंगठ्याच्या मशीनची हुकूमशाही’. पान भरलं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत ताईंना वाचून दाखवलं. ताई चपातीचा घास तसाच धरून ऐकत होत्या.

“जोरदार लिवलंस. यात तू कुठं हाय?”

“म्हणजे?”

“तुझी चूक कुठं हाय यात? रोज हात तू पुसत होतीस. कागदानं न्हाई पुसले. तुझी चूक लिही आन् मंग सांग, की हात दिला असता तर ती पहिल्याच दिवशी दुसरीला दिसली असती. तू न लिवता हे दिलं तर हे खोटं हाय. मी सही करत न्हाई.”

मी अण्णांना फोन केला. ते संतापले. “पत्रकात आपली चूक लिहीत नसतात. समोरच्याच्या हातात कोयता देऊन राहिली तू. पहिला वार तुझ्यावरच हुईल.”

“अण्णा, पण झालंय तसंच.”

“खरं सगळंच असतं लेकरा. लिवायचं काय, ते ठरवावं लागतं.”

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकलं नाही. नवा कागद घेतला. पाच वाक्यं लिहिली. त्यांतली पहिली तीन माझ्याविरुद्ध होती. मी काय बघितलं, काय समजले, किती दिवस. चौथ्यात लिहिलं की बेडजवळच्या ओव्हरमध्ये हे दहा सेकंदांत सापडलं. पाचवं: ‘म्हणून आम्ही हात देणं थांबवणार नाही.’ विनंती नाही, मागणीसुद्धा नाही. विजयाची घोषणा नाही. कारण काय होणार ते आम्हाला माहीत नव्हतं.

मी आणि ताई धरून पाच जणींनी सह्या केल्या. दीपालीनं केली नाही. पण त्या दिवशी दोनला अंगठा लावून आत परत आलेली पहिली तीच होती. कुणाकडंही न बघता तिनं पहिल्या बेडचा हात उचलला.

मेट्रन मॅडमनी कागद वाचला. थकलेली, भली बाई. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “हे तू स्वतःच्या अक्षरात लिहून देऊन राहिली. कळतं का तुला, याचा अर्थ काय?”

“व्हय मॅडम.”

“फाडू का? मी बघितलंच न्हाई असं समजते.”

ताई मागून म्हणाल्या, “फाडा की मॅडम. झेरॉक्स हाय आमच्यापाशी.”

मॅडमना हसू आलं. ते लपवायला त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि कागदावर ‘पुढे सादर’ असं लिहिलं.

*

तेव्हापासून मला ‘खंबीर’ या शब्दाचा राग आहे. आमच्यावर कुणी भाषण केलं की तो शब्द येतोच. एकदा आम्हाला प्रशिक्षणाला बसवलं होतं. तिथं एका बाईंनी डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं, म्हणजे अनिश्चिततेला सामोरं जाता येतं म्हणे. ताईंनी एक डोळा उघडून माझ्या कानात म्हटलं, “दिवसभर दुसऱ्याचे मोजतो, ते पुरं न्हाई का?” श्वास मोजून मला बरं वाटलं असेलही. पण अनिश्चितता दोन प्रकारची असते. कौसाबाई वाचतील की नाही, ही एक. ती कुणी तयार केलेली नाही, तिच्यापुढं उभं राहायला आम्ही शिकलो. अकरा महिन्यांनी आम्ही असू की नसू, ही दुसरी. ती कुणीतरी टेबलाशी बसून तयार केली आहे. पहिलीचं कौतुक करून दुसरी आमच्या गळ्यात घालू नका. आम्हाला खंबीर म्हणणारे आम्हाला कायम करत नाहीत.

आणि आम्ही टिकलो ते मुळात खंबीर होतो म्हणून टिकलो नाही. मी चार दिवसांत वाकले होते, ते वर लिहिलंच आहे. आमच्याकडं एक रीत होती, आणि ती रीत माझ्यापेक्षा शहाणी होती. मी चुकले तरी ती चुकली नसती, जर मी ती पाळली असती.

*

उत्तर कधी आलं नाही. फळ्यावरचा कागद काढला नाही. अंमलही केला नाही. तो तसाच पिवळा पडत गेला. महिनाअखेरीला नव्या ऑर्डरी आल्या. माझी आली. दीपालीची आली. चौघींच्या सह्यांवर कुणी काही बोललं नाही. राठोड ताईंची आली नाही. कारण दिलं नव्हतं. तीन वाक्यं स्वतःच्या चुकीची लिहून देणारी मी राहिले, आणि चूक पकडणारी गेली. अण्णा म्हणाले होते, पहिला वार तुझ्यावर. ते पण चुकले.

मी ऑफिसात भांडले. अर्ज दिला, पुन्हा दिला. ताई म्हणाल्या, “भांड. भांडायचंच असतं. पण दोन वाजायच्या आत वर ये, ओव्हर हाय.”

त्यांची शेवटची ड्यूटी सकाळची होती. दोनला त्यांनी मला हात द्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. आवाज नेहमीचाच. सातव्या बेडवर कौसाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. नळी निघून आठवडा झाला होता, अंगावरचा पिवळा उतरत चालला होता, आवाज घोगरा, पण स्वतःचा. ताईंनी हात उचलला तसा कौसाबाईंनीच तो माझ्या हातात ठेवला.

“मला माहीत हाय हे,” त्या म्हणाल्या. “मी झोपेत असताना पण करत होत्या तुमी.”

“कळत होतं तुमाला?” मी विचारलं.

“सगळं न्हाई. पण कुणीतरी हात धरायचं आन् माजं नाव घ्यायचं. कौसाबाई, हट्ट्याकडच्या. मंग मधी कुणी घेईनाच.” त्या दम घ्यायला थांबल्या. “बोलणं ऐकू यायचं, पण नाव न्हाई. तवा मला वाटलं, बाई, मी मेले वाटतं.”

ते चार दिवस होते. माझे चार दिवस.

ताईंनी चिकटपट्टीचा रोल खिशातून काढला आणि माझ्या खिशात टाकला. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. “मला काहून देऊन राहिली हात? मी काय पेशंट हाय?” आणि निळ्या चपला फटफटवत गेल्या.

आता त्या कनेरगाव नाक्याकडच्या एका छोट्या दवाखान्यात असतात. मधूनच फोन येतो. कशी आहेस वगैरे काही नाही. “हात देता का न्हाई?” एवढंच. मी “व्हय ताई” म्हटलं की ठेवून देतात.

*

या वर्षीच्या ऑर्डरीसोबत एक छापील हमीपत्र आलं आहे. ऑफिसच्या सर्व लेखी सूचना पाळीन, असं त्यात लिहिलंय. महिनाअखेरपर्यंत सही करून द्यायचंय. माझ्या टेबलावर ते पडून आहे. मी खाली मोकळ्या जागेत एक ओळ लिहिली आहे: ‘बेडजवळची ओव्हर सोडून.’ मग सही केली आहे. उद्या देणार. घेतील की नाही, ठाऊक नाही. अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, “ही ओळ खोडू नको.”

आज दोनला मी अंगठा लावला. मशीननं आभार मानले. मी वळले आणि परत आत गेले. नवी पोरगी आली आहे सेनगावची, दुसराच आठवडा तिचा. खिडकीजवळच्या बेडवर एक आजी आहेत, हळदीच्याच कामातून आलेल्या, तळवे कुंकवाजवळ गेलेले पिवळे. मी त्यांचा हात तिच्या हातात दिला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं हात उलटा केला. बाही वर सारली. मग मी काही म्हणायच्या आत वाकून आजींचा चेहरा त्या खरवडलेल्या काचेकडं वळवला आणि पापणी वर केली.

“पांढरं हाय ताई,” ती म्हणाली. “हळदच हाय.”

दारातून नवा गार्ड डोकावला. “सिस्टर, तुमची ड्यूटी संपली ना?”

“व्हय, संपली,” मी म्हटलं आणि आठव्या बेडकडं वळले. यंदा एक बेड वाढलाय. “ओव्हर राहिली.”